न फोडता

कळमन्याच्या शेडात पहाटे साडेपाचला
काटोलचा पहिला ट्रक रिकामा होतो, आंबिया बहार,
आणि मी पत्र्याच्या टेबलावर यंत्र मांडते:
मुठीएवढं, काळं, तोंडाशी मऊ रबराची कड.
संत्र्याला टेकवायचं. बटण दाबायचं.
डोळ्यांना न दिसणारा उजेड सालीतून आत जातो,
फोडींमध्ये थोडा हरवतो,
आणि जेवढा परत येतो
त्यावरून समजतं किती हरवला.
त्या हरवण्यावरून गोडी काढायची.

समोर गोणपाटावर कौतिकाबाई शेंडे.
एकतीस वर्षं माल निवडते आहे.
ती दाबून बघत नाही. दाबते ते नवशिके, म्हणते,
अंगठ्याची खूण तिसऱ्या दिवशी
काळी होऊन वर येते, तेव्हा पेटी रायपूरला पोचलेली असते.
ती फळ तळहातावर नुसतं उडवते, चार बोटं वर,
आणि पडताना ऐकते.
"हे पोचट हाय. साल फुगली, आतली फोड आखडली."
मी कड टेकवते. आकडा येतो.
बहुतेक वेळा तिचंच बरोबर.
बहुतेक. ज्या वेळी नाही, तेही लिहून ठेवते.

हिरवट डागाचं संत्रं अकरा दाखवतं,
केशरी, गुळगुळीत, पोस्टरातल्यासारखं
साडेआठाच्या वर जात नाही.
व्यापारी मान डोलावतो
आणि केशरीच उचलतो.

यंत्राला आधी शिकवावं लागलं.
म्हणजे उजेड टाकायचा, आकडा लिहायचा,
मग तेच संत्रं चिरायचं, पिळायचं,
रसाचा थेंब काचेवर घेऊन
खरी गोडी शेजारच्या रकान्यात.
सहाशे चाळीस नग.
नखांत सालीचं तेल, जेवणाला संत्र्याचा वास,
हमालांची पोरं पेले घेऊन रांगेत,
दहाव्या दिवशी तीही कंटाळली.
"ताई, मोसंबी नाही का?"
कौतिकाबाईंनी विचारलं,
"एक न फोडाचं शिकाले
किती फोडले वं पोरी?"
मी आकडा सांगितला.
ती हसली नाही.

एका दुपारी, लिलाव आटोपल्यावर,
गायी साली हुंगत फिरत होत्या,
ती यंत्राकडे बघत म्हणाली,
"मेयोत बोटाले असाच चिमटा लावत होते,
लाल उजेडाचा. आमच्या यायले. चार दिवस.
चिरलं नाही, टोचलं नाही,
आकडा मात्र उतरत गेला.
मी तोच पाहत बसली, तोंड पाहाचं राहून गेलं."
मी म्हटलं, हो, उजेड जवळपास तोच.
मग तिनं अंगठा पुढे केला.

हे माणसांसाठी नाही, सांगायला हवं होतं.
मी कड टेकवली.

यंत्राला संत्र्याशिवाय जगात काही ठाऊक नाही.
तेलानं पिवळा पडलेला, शिरांवर चिरा गेलेला अंगठा,
त्याच्या आत जे शोधता येतं ते त्यानं शोधलं
आणि जे येतं तेच म्हणालं:
तेरा पॉइंट दोन. प्रत अ.

"किती?"
"तेरा."
"कालच्या मालात कोणाले आलं होतं तेरा?"
"नाही."
"मंग?" ती म्हणाली,
अंगठा पदराला पुसला
आणि पुढचं फळ उडवलं.

माझ्या वहीत सहाशे एकेचाळिसावी नोंद आहे.
नग: अंगठा, डावा.
उजेडानं: तेरा पॉइंट दोन.
शेजारचा रकाना,
पिळून पाहिल्यावर भरायचा,
कोरा.